पूल उजवीकडे आहे

पूल उजवीकडे आहे, असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि ते वाचून माझा घास तोंडातच राहिला. पाव नेहमीचाच होता. टूना, उकडलेलं अंडं, आणि हरिसा, आमची लाल मिरचीची चटणी. हरिसाने डोळ्यांत पाणी येतं ही सोयीची गोष्ट आहे, कुणी विचारत नाही. मी घास गिळला आणि वाक्य पुन्हा वाचलं. पूल उजवीकडेच होता. आता हे वाक्य माझ्यापुढे का आलं ते सांगायला हवं, नाहीतर मी पुलाच्या खात्यात नोकरीला आहे असं वाटेल. मी लोकांची मतं तपासतो. फ्रान्समधली एक कंपनी कॉम्प्युटरवरचे जुने खेळ पुन्हा विकायला काढते. ज्यांचे केस ते खेळ खेळताना काळे होते ते लोक ते विकत घेतात आणि खाली आपलं मत लिहितात. ते मत जगाला दिसण्याआधी ट्यूनिसमध्ये, मोंप्लेझीरच्या एका इमारतीत, माझ्या टेबलावर येतं. मी ‘मंजूर’ दाबतो किंवा ‘नामंजूर’. नामंजूर करायचं तर ठरलेल्या कारणांपैकी एक निवडायचं: चुकीची माहिती, मजकूर अपुरा, विषयाला सोडून, अपमानास्पद. मग लिहिणाऱ्याला आपोआप एक अतिशय नम्र पत्र जातं की महोदय, आपलं मत अमुक कारणाने परत करत आहोत, सुधारून पुन्हा पाठवावं. खाली सही असते, सोलांज. सोलांज म्हणजे मी. इथे प्रत्येकाला एक फ्रेंच नाव मिळतं, आणि मी लागलो त्या दिवशी पुरुषांची नावं संपली होती. शेजारच्या खुर्चीवर दुर्रा बसते, ती माझ्या आधी लागली, तेव्हा बायकांची संपली होती; सोलांज नंतर रिकामं झालं. ती जेरार. आम्ही आपसात अदलाबदल करतो असं एकदा सुचवलं होतं. आमचे साहेब, सी फौझी, म्हणाले की नको, गिऱ्हाइकांना सवय झालीय.

खेळाचं नाव ‘राखेची फौज’. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. यात शहरं वसवायची नसतात, सोनं खणायचं नसतं. मूठभर माणसं देतात, भालाईत, तिरंदाज, आणि धुकं फुंकणाऱ्या तीन-चार म्हाताऱ्या, आणि म्हणतात, जा. घड्याळ थांबत नाही, शत्रू तुमच्या विचाराची वाट बघत नाही. प्रत्येक माणसाला नाव असतं. मेला तो मेला, पुढच्या लढाईत त्याच्या जागी दुसरा येतो, ज्याला भाला कुठून धरायचा तेही ठाऊक नसतं. लोकांची यावर काय मतं असतात हे मला विचारा. एक म्हणतो, म्हाताऱ्या धुकं फुंकतात ते आपल्याच माणसांना दिसेनासं करतं, हा दोष आहे. दुसरा म्हणतो, हाच तर खेळ आहे, गाढवा. (अपमानास्पद. परत.) ल्याँचा एक दंतवैद्य लिहितो की त्याचा तिरंदाज सतराव्या लढाईत गेला तेव्हा त्याने दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. एक बाई लिहिते की नवऱ्याने हा खेळ सोडला म्हणून लग्न टिकलं, पाच तारे. आणि सगळ्यांचं, अगदी एकमेकांना गाढव म्हणणाऱ्यांचंही, एका बाबतीत एकमत असतं. बर्फातली लढाई सगळ्यांत अवघड, आणि त्यात वाचायचं असेल तर डावीकडचा पूल गाठा. डावीकडचा. हजारो माणसं, पूल एक, डावीकडे.

आता हा कुणी लिहीत होता: ‘पूल उजवीकडे आहे. बाकीचे सांगतात ते चूक. म्हाताऱ्यांना पुढे ठेवू नका. भालाईत चांगले. खेळ चांगला.’ नावाच्या जागी नुसते आकडे. देशाच्या जागी काही नाही. फ्रेंच असं, की प्रत्येक शब्द बाजारातून वेगवेगळ्या दुकानांतून आणलेला.

जगात पूल उजवीकडे बघितलेली माणसं मला दोनच माहीत होती. त्यातला एक मी.

ट्यूनिसजवळ हम्माम-लिफला आमच्या गल्लीच्या टोकाला अम्म खमैसचं, म्हणजे खमैसकाकाचं, पब्लिनेट होतं. तेव्हा सरकारचा नियम होता की इंटरनेटच्या दुकानात प्रत्येक स्क्रीन मालकाला त्याच्या जागेवरून दिसली पाहिजे, कोण काय बघतो यावर त्याची नजर हवी. अम्म खमैस नियम पाळणारा माणूस, पण त्याने नियम वाचायच्या आधी टेबलं सिमेंटमध्ये बसवून टाकली होती, उलट्या तोंडाने. फोडायची तर फरशीही जाणार. म्हणून त्याने बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातून भिंतभर आरसा आणला आणि गिऱ्हाइकांच्या पाठीमागे लावला. गल्ल्यावर बसून तो आरशात बघायचा, आणि अख्खं राज्य त्याच्या नजरेखाली असायचं, फक्त उलटं. गल्ल्याशेजारी एक बाक होता, थांबणाऱ्यांसाठी. त्यावर मी आणि माझा मोठा भाऊ मकरम थांबायचो. आम्ही कशासाठी थांबलोय हे अम्म खमैसने कधी विचारलं नाही; थांबणाऱ्याचे पैसे पडत नव्हते. समोर आरशात कुणीतरी ‘राखेची फौज’ खेळत असायचा आणि आम्ही ती लढाई शेवटपर्यंत बघायचो. आमचे सगळे भालाईत डावखुरे होते. शत्रू यायचा त्या बाजूला इतरांचा सूर्य असायचा. अक्षरं वाचता येत नव्हती, पण मेलेल्याचं नाव पुसलं जाताना दिसायचं, त्याला वाचता यावं लागत नाही. घरी येऊन मकरम ताटात ऑलिव्हच्या बिया मांडायचा, तांदळाचा बर्फ करायचा, आणि काडेपेटीचा पूल ठेवायचा. उजवीकडे. पुढे कधीतरी त्याला खरोखर कॉम्प्युटरपुढे बसायला मिळालं तेव्हा तो बर्फातल्या लढाईत सगळी फौज घेऊन थेट उजवीकडच्या दरीत गेला. सगळं पब्लिनेट हसलं. तो शांतपणे उठला आणि अम्म खमैसला म्हणाला, ‘तुमचं मशीन उलटं आहे.’ अम्म खमैस म्हणाला, ‘मशीन सरळ आहे रे, तू उलटा आहेस.’ मकरमने ते कधी मान्य केलं नाही. ज्या वर्षी राजवट पडली आणि किनाऱ्यावर पहारा उरला नाही, त्या वर्षीच्या मार्चमध्ये तो झर्झिसच्या बंदरावर गेला, कागदपत्रं जाळली आणि इटलीला जाणाऱ्या होडीत बसला. वीस वर्षांचा होता. होडी निघाली एवढं सगळे सांगतात. पोचली असं कुणी सांगत नाही, बुडाली असंही नाही. जाताना त्याने माझं जाकीट नेलं, जे त्याला होत नव्हतं.

मी ‘मंजूर’वर बोट ठेवलं होतं. मंजूर केलं की मत जगाकडे जातं आणि माझ्या टेबलावरून कायमचं नाहीसं होतं. लिहिणाऱ्याचा पत्ता आम्हाला दिसत नाही, आमचा त्याला. त्याच्याशी बोलायचा एकच मार्ग होता, त्याला नाकारणं. मी ‘चुकीची माहिती’ निवडलं आणि दाबलं. सोलांजने त्याला नम्रपणे कळवलं की आपलं म्हणणं खोटं आहे.

“काय झालं?” दुर्रा म्हणाली. “भूत बघितल्यासारखा काय बसलायस?”

“हरिसा,” मी म्हणालो.

“हरिसाने माणूस लाल होतो. तू पांढरा झालायस, सोलांज.”

उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मी एकही मत नीट वाचलं नाही. एका माणसाने म्हाताऱ्यांवर निबंध लिहिला होता, मी तो अपमानास्पद म्हणून परत केला. नंतर कळलं की तो निवृत्त न्यायाधीश होता आणि त्याने म्हाताऱ्यांची स्तुती केली होती. ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचा दिसतात. त्यात आमचं ऑफिस दिसतं, आणि त्यात मी दिसतो, पलीकडच्या बाजूला बसलेला. इतकी वर्षं मी तिकडे कधी बघितलं नव्हतं. आता मान सारखी तिकडे वळायची. तिथला मी बरं काम करत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आलं: ‘पूल उजवीकडेच आहे, बाई. तुम्ही खेळलात का कधी? मी स्वतः बघितलाय. तिथे फार थंडी आहे. भालाईत चांगले. खेळ चांगला.’ मी हसलो. खरंच हसलो, दुर्राने मान वर केली इतका. मकरमला वाटतंय तो कुठल्याशा फ्रेंच बाईशी भांडतोय. तो असाच भांडायचा, दूधवाल्याशी, इमामाशी, हवामानाच्या बातम्यांशी. मग हसू थांबलं, कारण ‘तिथे फार थंडी आहे’ हे वाक्य जागेवरून हलेना. बर्फाच्या लढाईत थंडी असते, बरोबर, पण खेळणाऱ्याला ती कशी लागेल? पडद्यावरच्या बर्फाने कुणाच्या बोटांना मुंग्या येत नाहीत. ज्याने हे लिहिलं होतं तो थंडी सोसलेले लोक ज्या सुरात बोलतात त्या सुरात बोलत होता, अंगाला न होणारं जाकीट घालून उभ्या असलेल्या माणसाच्या. ‘तिथे’ म्हणत होता, ‘त्यात’ नव्हे.

मी ‘मजकूर अपुरा’ निवडलं. अधिक तपशील द्यावा, सोलांजने विनंती केली. दाबल्यावर पडद्यावर पिवळी पट्टी आली की या खात्याचं मत दोनदा परत गेलंय, तिसऱ्यांदा गेल्यास खातं कायमचं बंद होईल. हा नियम मला पाठ होता. मी शेकडो खाती बंद केली होती, पाव खाता खाता.

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी ऑफिसमधला ‘राखेची फौज’ उघडला. खात्री करायला एक प्रत ठेवलेली असते. थेट बर्फातल्या लढाईत गेलो. पूल डावीकडे होता, नोकरीला लागलो तेव्हा बघितला होता तसाच, आणि तेव्हासारखंच मला वाटलं की कुणीतरी घरातलं सामान हलवलंय. या खेळाबद्दल एक वाद आहे, मतांमध्ये तो दर आठवड्याला येतो. तुमचा माणूस मैदानाच्या कडेबाहेर चालत गेला तर तो मरत नाही. त्याचं नाव पुसलं जात नाही, फक्त करडं होतं, आणि लढाई संपल्यावर त्याच्यापुढे येतं, ‘परतला नाही’. काही जण म्हणतात हा खेळ बनवणाऱ्यांचा विसराळूपणा आहे. काही जण शपथेवर सांगतात की बऱ्याच लढायांनंतर तो दुसऱ्या बाजूने येतो, केस पिकलेले, आणि हुकूम ऐकत नाही. चित्र कुणाकडेच नाही. मी एका भालाईताला उजव्या कडेने बाहेर पाठवलं. तो गेला. त्याचं नाव करडं झालं. मग मी लढाई संपवली नाही, नुसता बसलो. बाकीची माणसं उभी, वारा चालू. वाऱ्याचा एकच तुकडा आहे, तो पुन्हा पुन्हा वाजतो, थोड्या वेळाने त्यात खोकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. ते आधी नव्हतं असं मी म्हणत नाही, मी आधी इतका वेळ ऐकलं नव्हतं. सुटी संपायला आली तेव्हा मला दिसलं की मैदानाच्या मधोमध, जिथे माझा एकही माणूस गेला नव्हता, बर्फात पावलं होती. उजव्या कडेपासून आत आलेली, एकाच माणसाची, आणि मध्येच थांबलेली. जाणारी पावलं अशी दिसत नाहीत, टाचा कुठे आहेत ते कळतं.

“दुर्रा, हे बघ.”

तिने खुर्ची सरकवली, सफरचंद खात बघितलं. “पावलं आहेत. मग?”

“कुणाची?”

“तुझ्याच कुणाची तरी. जुना खेळ आहे, काहीही दाखवतो. माझ्याकडे गेल्या आठवड्यात घोड्याला मिशा आल्या होत्या.” तिने सफरचंद खाली ठेवलं. “शिहाब, रजा घे. तुझ्या आईला हवा पालटायला ने. नाहीतर लग्न कर. माणसाला एवढं शांत बसवत नाही.”

मी खेळ बंद केला. म्हणजे लढाई संपवली. पडद्यावर आलं: एक माणूस परतला नाही.

आणि मग त्याचं तिसरं उत्तर आलं. पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं होतं, फ्रेंच तेच, तुटकं, पण आता तो भांडत नव्हता. ‘तुम्ही जास्त लिहा म्हणता म्हणून लिहितो. पूल उजवीकडे आहे. जो कडेबाहेर जातो त्याच्याबद्दल लोक म्हणतात परतला नाही. तो परततो. पण तोवर तुम्ही लढाई संपवून निघून गेलेले असता. तो रिकाम्या मैदानात येतो. तिथे कुणी नसतं. तो थोडा वेळ उभा राहतो, मग पुन्हा जातो. खेळात हे दाखवत नाहीत. भालाईत चांगले. खेळ चांगला.’ मी हे किती वेळ वाचत होतो सांगता येणार नाही. सी फौझी मागून आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनीही वाचलं.

“सोलांज, हे विषयाला सोडून आहे.”

“खेळाबद्दलच आहे, सी फौझी.”

“खेळ कसा वाटला सांगायचं असतं. हा गोष्ट सांगतोय.” ते सरळ झाले. “आणि पूल डावीकडे आहे. मलाही माहीत आहे, आणि मी तर पत्ते खेळतो. परत कर. उद्या दुपारपर्यंत टेबल साफ पाहिजे.”

मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि घरी गेलो. यम्मा गच्चीवर होती. मिरच्यांचे दिवस होते, गच्चीभर लाल मिरच्या, आणि ती मधोमध बुटक्या स्टुलावर बसून सुईने त्यांची माळ ओवत होती. माझी आई मुलाची वाट बघणाऱ्या बायकांसारखी नाही. त्या बायका फोटो घेऊन मंत्रालयापुढे उभ्या राहतात. ही एकदाच गेली, आणि फोटो चांगला आला नव्हता म्हणून परत आली. कोर्टात जाऊन मुलगा बेपत्ता असल्याचं लिहून घ्या, म्हणजे घर नावावर करता येईल, असं मामाने सांगितलं तेव्हा तिने मामाला विचारलं की तुला यायला उशीर झाला तर तुझ्या बायकोने काय करावं? मकरमला ती अजून शिव्या घालते, वर्तमानकाळात. आळशी आहे. कपडे इस्त्री करत नाही. फोन करत नाही.

मी तिच्यापुढे बसलो, एक मिरची उचलली. “यम्मा, मकरमला फ्रेंच कितपत येतं?”

सुई थांबली नाही. “शिव्या देण्यापुरतं. का?”

मी सांगितलं. जितकं समजेल तितकं सांगितलं, म्हणजे सगळंच, कारण तिला सगळं समजतं. खेळ, पूल, आकड्यांचं नाव, सोलांज. रिकाम्या मैदानाचं मात्र सांगितलं नाही. ती ऐकत होती, माळ लांब होत होती.

“त्या बाईला सांग त्याला विचारायला, जेवतोस का?”

“ती बाई मीच आहे, यम्मा.”

“मग तू विचार.”

“तसं विचारता येत नाही. चारच कारणं आहेत. चुकीची माहिती, मजकूर अपुरा...”

“जेवतोस का हे कारण नाही?”

“नाही.”

“कसली रे कंपनी.” तिने दोऱ्याला गाठ मारली. “मग नाकार त्याला. तो हट्टी आहे, परत लिहील.”

“आता नाकारलं तर खातं बंद होईल. मग त्याला लिहिताच येणार नाही. आणि मंजूर केलं तर ते जाईल, माझ्याकडे परत येणार नाही. तो मंजूर झाला म्हणून खूश होईल आणि गप्प बसेल.”

यम्माने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या हातांना तिखट लागलेलं, ते हात ती चेहऱ्यापासून दूर धरून बसली होती, जणू कुणीतरी तिला हात वर करायला लावलंय. “त्याला चांगलं म्हटलं की तो गप्पच बसतो,” ती म्हणाली. “लहानपणापासून. नाकार. दार लावलं की तो खिडकीतून येतो, मी ओळखते त्याला.” मग, खाली बघत, “आणि तो नसलाच, तर दुसऱ्या कुणाचं खातं बंद झालं. होऊ दे. आपल्याला काय.”

मी दुसऱ्या दिवशी दुपारी दाबलं. ‘चुकीची माहिती.’ पुलाचीच चूक होती, दुसरं कारण मला सुचलं नाही. खातं गेलं, आकडे गेले, पडदा स्वच्छ झाला, सी फौझींनी लांबून अंगठा दाखवला. मग मी वाट बघू लागलो. मतं येत होती. आठवडा गेला, त्याच्यापुढचाही गेला, आणि एका सकाळी नव्या नावाचं एक आलं: ‘पूल डावीकडे आहे. म्हाताऱ्यांना पुढे ठेवू नका. भालाईत चांगले. खेळ चांगला.’ मी उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो. वाक्यं तीच होती, क्रमही तोच, पण अशी वाक्यं कोण लिहीत नाही? दुपारी आणखी एक आलं: खेळ चांगला, पूल डावीकडे, म्हाताऱ्यांपासून सावध. चारच्या सुमाराला तिसरं. भालाईत सगळ्यांनाच चांगले वाटतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलोय. जगातल्या सगळ्या माणसांतून मी त्याला एका चुकीवरून ओळखलं होतं, आणि पुन्हा पुन्हा, नम्रपणे, सोलांजच्या सहीने, तीच सुधारायला लावली होती. तो असेल आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं असेल तर तो आता डावीकडच्या हजारोंमध्ये उभा होता, सरळ, बरोबर, इतरांसारखा. यम्माने संध्याकाळी विचारलं, काही लिहिलं का? मी म्हणालो, बहुतेक. ती म्हणाली, काय म्हणतो? मी म्हणालो, पूल डावीकडे आहे म्हणतो. “मग तो नाही तो,” ती म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली, दोनच.

हे मला सहन झालं नाही असं नाही. मी जेवलो, झोपलो, कामावर गेलो. मंजूर, मंजूर, मंजूर. माझा वेग इतका वाढला की त्या महिन्याची उत्तम कर्मचारी म्हणून सोलांजचं नाव भिंतीवर लागलं, फोटोच्या जागी फ्रान्सहून आलेलं सूर्यफुलाचं चित्र. पण समोरच्या काचेत बघितलं की पलीकडचा मी जागेवर नसायचा. म्हणजे ऊन त्या बाजूला गेलं होतं, एवढंच. एका शनिवारी मी घरून, स्वतःच्या पैशाने, ‘राखेची फौज’ विकत घेतला आणि खाली मत लिहिलं. त्याचं पहिलं मत मला पाठ होतं, तेच जसंच्या तसं उतरवलं. पूल उजवीकडे आहे. बाकीचे सांगतात ते चूक. म्हाताऱ्यांना पुढे ठेवू नका. भालाईत चांगले. खेळ चांगला. विचार सोपा होता. मी त्याला शोधू शकत नाही, तर त्याने मला शोधावं. तो ही पानं वाचत असेल, कधीतरी खाली उतरत उतरत येईल, आणि त्याला दिसेल की जगात अजून एक उलटा माणूस आहे. त्यासाठी माझं मत मंजूर व्हायला हवं होतं, आणि आपलंच मत आपल्याकडे येऊ देत नाहीत. ते दुर्राकडे जाणार होतं.

सोमवारी सकाळी तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“सोलांज, तुझे वेडे माझ्याकडे यायला लागले. पूल उजवीकडे म्हणे.”

“मंजूर कर,” मी म्हणालो, फार हळू.

“खोटं आहे की. कुणीतरी वाट चुकेल.”

“चुकू दे. दुर्रा, तुला हात जोडतो. मंजूर कर.”

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली. “केलं असतं,” ती म्हणाली. “पण दोन आहेत.”

“काय दोन?”

“मतं. दोन वेगळी खाती, अक्षरन् अक्षर तेच. सुटीत आलीत, एक शनिवारचं असेल, एक काल रात्रीचं. का शुक्रवारचं, थांब... नाही, तारखा झाकल्यात. सारखी दोन आली की नावं, तारखा सगळं झाकतं, भेदभाव नको म्हणून. एक ठेवायचं, एक काढून टाकायचं. काढलेलं खातं बंद.”

मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. दोन्ही शेजारी शेजारी होती. मी एकच लिहिलं होतं. मंजूर न झालेलं मत कुणालाही दिसत नाही, त्याचं पहिलं कुणालाही दिसलं नव्हतं, माझंही नाही. कुणी कुणाचं उतरवून घेणं शक्य नव्हतं. मी माझं ओळखायचा प्रयत्न केला. एखादी रिकामी जागा जास्त, एखादा ठिपका कमी. काही नाही. दोन माणसं एकाच वाक्यात उभी होती आणि त्यातला मी कोण हे मला कळत नव्हतं. मानेवर थंड वारा लागला. वरचं यंत्र नेहमीच तिथे फुंकतं, दुर्रा त्यासाठी शाल आणते.

“यातलं एक तुझं आहे,” दुर्रा हळूच म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

“हो.”

“आणि दुसरं?”

लांब सी फौझी फोनवर कुणाला तरी ‘नक्की, नक्की’ म्हणत होते. दुर्राने माऊसवर हात ठेवला. “बोल. कुठलं ठेवू? हे, का हे?”

“एकही ठेवू नकोस. दोन्ही परत पाठव.”

“दोन्ही?”

“सारखी असली तरी दोन्ही परत पाठवता येतात ना?”

“येतात. पहिलीच वेळ आहे, खाती बंद होणार नाहीत.” तिने यादी उघडली. “कारण काय देऊ? चुकीची माहिती?”

“नाही,” मी जवळजवळ ओरडलो. मग खुर्चीची पाठ धरून, जमेल तितक्या शांतपणे म्हणालो, “मजकूर अपुरा. अजून लिही म्हणावं.”